पलीकडे गेलेला धूर

पेद्रा लीझा हे गाव टिकलं ते कौलांवर. आमच्या सेरिदोच्या मुलखात पाऊस येतो तो पाहुण्यासारखा, आला तर आला. कापूस बोंडअळीनं आजोबांच्या काळातच संपवला. उरली ती नदीकाठची चिकणमाती. ती मळायची, साच्यात थापायची, उन्हात वाळवायची आणि भट्टीत भाजायची. भाजायला लाकूड लागायचं, आणि लाकूड डोंगरावर फुकट उभं होतं. निदान सगळ्यांना तसंच वाटायचं.

मार्लूसीचा बाप जोआकिम अशाच एका भट्टीवर आग राखायचा. तिच्या शाळेच्या कपड्यांना कायम धुराचा वास. वर्गातल्या पोरी तिला 'भाजकं कौल' म्हणायच्या. ती रडत घरी आली की आई म्हणायची, "रडू नकोस. कच्चं कौल पहिल्या पावसात विरघळतं, भाजकंच टिकतं." बाप मात्र काही टिकला नाही. छातीत धूर भरून तो पन्नाशीच्या आत गेला. मागं राहिली आई, मार्लूसी आणि धाकटा एरिवान. एरिवाननं शाळा सोडून बापाची जागा घेतली आणि हळूहळू स्वतःची एक भट्टी उभी केली. मार्लूसी त्याच्या कमाईवर शेतकी शाळेत शिकली आणि पुढं राज्याच्या पर्यावरण खात्यात पाहणी अधिकारी झाली. बहीण शिकली ती भावाच्या घामावर, ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. म्हणून तर पुढं जे झालं त्याचा एवढा बोलबाला झाला.

झालं असं, की राज्य सरकारनं हवामानाचा आराखडा काढला. मुखपृष्ठावर निळे पोपट असलेलं भलंमोठं पुस्तक. राज्यातून हवेत किती कार्बन जातो, तो दहा वर्षांत किती खाली आणायचा, कुठल्या धंद्यानं काय करायचं, सगळं त्यात लिहिलेलं. कौलांच्या धंद्यासाठी दोन वाटा होत्या. ऐपत असेल त्यानं सरकारी कर्जातून बंद घुमटाची नवी भट्टी बांधायची. तिला निम्मं लाकूड पुरतं, आणि तेही काजूच्या बागांतल्या छाटणीचं वापरायचं. ऐपत नसेल त्यानं जुनी उघडी भट्टी बंद करायची. कर्ज मिळायचं जमिनीचे कागद असतील त्याला. लहान भट्टीवाल्यांच्या जमिनी पणज्याच्या नावावर, नाहीतर कुणाच्याच नावावर नाहीत. त्यामुळं वाटा दोन असल्या तरी त्यांच्यासाठी एकच होती.

भट्ट्यांना सील ठोकायचं काम मार्लूसीकडं आलं. ती गावचीच, बोलायला गोड आणि कामाला चोख. एकेका अंगणात जायची, कॉफी प्यायची, समजावून सांगायची आणि शेवटी भट्टीच्या तोंडावर सरकारी पट्टी चिकटवायची. पोरांच्या छातीचा विचार करा, माझा बाप आठवा, असं ती सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. तिचा त्यावर विश्वास होता.

एरिवानची पाळी आली तेव्हा अख्खा गाव कुंपणाला टेकून बघत होता.

"चिकटव की," एरिवान म्हणाला. "बघतेस काय?"

"तुला नवं काम शोधून देते मी, एरिवान. खात्यात रोपवाटिका सुरू होतेय."

"रोपं लावू म्हणतेस? मी आयुष्यभर झाडं जाळलीत, ताई. मला बघून रोपं जमिनीत परत जातील."

लोक हसले. मार्लूसीही हसली आणि तिनं पट्टी चिकटवली. त्या दिवसापासून तिचं नाव झालं. सख्ख्या भावाची भट्टी बंद करणारी बाई! राजधानीतल्या वर्तमानपत्रात फोटो आला. एरिवान दोन महिने घरी बसला आणि मग बायकोला घेऊन राज्याच्या हद्दीपलीकडं, पोसो नोव्होला गेला. काम मिळालंय म्हणाला. कसलं, ते मार्लूसीनं विचारलं नाही.

विचारलं नाही, हेच पुढं तिला सगळ्यात जास्त टोचत राहिलं. कारण विचारावं असं खूप काही डोळ्यांसमोर होतं. गावातल्या निम्म्या भट्ट्या थंड पडल्या, तरी बाजारात कौलं कमी झाली नव्हती. भावही वाढला नव्हता. आईचं छप्पर गळायला लागलं तेव्हा एरिवाननं पलीकडून ट्रकभर नवी कोरी कौलं पाठवली, पातळ कडेची आणि एका बाजूला जरा जास्त भाजलेली, अगदी जोआकिमच्या हातची असावीत तशी. मार्लूसीनं स्वतः शिडीवर चढून ती लावून घेतली. कौलं चांगली आहेत, एवढंच ती म्हणाली.

पाच वर्षं झाली तेव्हा राजधानीत मोठा समारंभ झाला. आराखड्याचं फळ मोजलं गेलं होतं. कौलांच्या धंद्यातून जाणारा कार्बन अठ्ठावीस टक्क्यांनी कमी झाला! हिशेब मार्लूसीच्या पाहणीवरच उभा होता. किती भट्ट्या बंद झाल्या, प्रत्येकीत किती लाकूड जळायचं, तेवढं वजा. खात्याचे प्रमुख डॉक्टर ओतासीलिओ यांनी तिला मंचावर बोलावलं. डॉक्टर म्हणजे औषधवाले नव्हेत, आमच्याकडं मोठ्या खुर्चीवरच्या प्रत्येकाला डॉक्टरच म्हणतात. आई पहिल्या रांगेत नव्या फुलाफुलांच्या झग्यात बसली होती. टाळ्या वाजल्या. मार्लूसीनं हात जोडल्यासारखे छातीशी धरले आणि म्हणाली, "हे माझं नाही, माझ्या गावाचं यश आहे." आईनं डोळे पुसले.

त्याच हिवाळ्यात एरिवानला मुलगा झाला आणि बारशाला, म्हणजे चर्चमधल्या पाणी-शिंपणाला, मार्लूसी पहिल्यांदा पोसो नोव्होला गेली. हद्द म्हणजे काय, एक सुकी नदी आणि एक गंजलेली पाटी. पाटी ओलांडून गाडी चढावर गेली आणि तिनं ब्रेक दाबला. समोर खोऱ्यात धुराचे खांब उभे होते. एक नाही, दोन नाही, रांगच. खाली उतरल्यावर एकेक भट्टी ओळखीची दिसायला लागली. ही बांधणी नाल्याकाठच्या जुळ्या भावांची. ही तिरपी चिमणी विधवा इराचीची. ज्यांच्या ज्यांच्या भट्टीला तिनं पट्टी लावली होती, त्यातले बरेचसे इथं होते. टोकाला एरिवान, उघड्या अंगानं भट्टीच्या तोंडात ओंडका सारत होता.

तिनं गाडीतून उतरून त्याच्याकडं नुसतं बघितलं.

"अशी काय बघतेस?" तो म्हणाला. "तुला काय वाटलं, मी इथं पाव भाजतोय?"

"तू मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस." त्यानं हात पुसले. "आणि बरं झालं नाही विचारलंस. सांगितलं असतं, तर तुला कळून न कळल्यासारखं करावं लागलं असतं. आता चल, पोरगं रडतंय, पाद्री घड्याळ बघतोय."

तिला वाटलं, ही कोरडी नदी फुटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पण बारशाच्या घरात पाहुण्यानं असं उभं राहायचं नसतं. ती आत गेली.

पोराची धर्ममाता, म्हणजे चर्चमध्ये मानलेली दुसरी आई, होती दोना ओझाना, म्हणजे ओझानाबाई. पोसो नोव्होच्या वरच्या डोंगरावर राहणारी, शेळ्या पाळणारी विधवा, साठीची, काटक. जेवण तिनंच रांधलं होतं. वाफवलेल्या मक्याचा कुसकुस, गावठी कोंबडी, उन्हात वाळवलेलं मांस. तिनं मार्लूसीच्या ताटात कोंबडीचा पाय वाढला.

"खा बाई, शहरातली दिसतेस, हाडं वर आलीत. काय करतेस तिकडं?"

"सरकारी कचेरीत आहे," मार्लूसी म्हणाली.

"कुठल्या?"

"असंच. कागदांचं काम."

एरिवाननं मान वर केली, बहिणीकडं पाहिलं आणि पुन्हा ताटात घातली. त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं असतं तरी परवडलं असतं, असं तिला वाटलं.

ओझाना सांगत होती, "तुमच्याकडचं सरकार म्हणे फार स्वच्छ झालंय. न्हाऊन-धुऊन बसलंय. आणि न्हाणीचं पाणी सोडलंय आमच्या अंगणात. पाच वर्षांत माझा डोंगर बोडका केला ह्या पोरांनी. त्यांना तरी काय बोलू? पोटाला लागतं. मीच त्यांना माझी आंजिकोची झाडं विकली. पहिल्या वर्षी विकली, दुसऱ्या वर्षी विकली, तिसऱ्या वर्षी विकायला काही उरलंच नाही, तर त्यांनी तशीच नेली. वरचा झरा आटला. आता पाणी आणायला खाली येते." ती हसली. "पण पोरं गुणी आहेत हो. मला धर्ममाता केलं."

मार्लूसीनं तो पाय पूर्ण खाल्ला. ताटात टाकणं तिला शोभलं नसतं.

परत आल्यावर ती सरळ डॉक्टर ओतासीलिओंकडं गेली आणि पाहिलं ते सगळं सांगितलं. डॉक्टर काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं, तिच्यासाठी कॉफी मागवली.

"मला अंदाज होता," ते म्हणाले.

"अंदाज होता?"

"मार्लूसी, आपला कायदा नदीपर्यंत. आपल्या राज्याचा कार्बन कमी करा असं आपल्याला सांगितलंय, तो कमी झालाय. खोटं काय आहे त्यात?"

"हवेला पाटी वाचता येत नाही, डॉक्टर."

"हवेला नाही, पण कर्ज देणाऱ्या बँकेला येते. पुढच्या टप्प्याचा पैसा त्या आकड्यावर येणार आहे. त्यातून आणखी नव्या भट्ट्या बांधू. ज्यांनी बांधल्या त्यांचं लाकूड निम्म्यावर आलंय की नाही? ते तर खरं आहे? मग थोडं झाकून ठेवलं, तर कुणाचं नुकसान? झाकली मूठ सव्वा लाखाची."

कुणाचं नुकसान, हे तिला त्याच क्षणी सांगता आलं असतं. नाव, डोंगर, झरा, सगळं. पण दोना ओझानाचं नाव घ्यायचं म्हणजे त्या जेवणाचं, त्या उत्तराचं काय करायचं? तिनं कॉफी संपवली आणि उठली. आणि पुढच्या आठवड्यात रेडिओवर तिची मुलाखत होती, तिथं तिनं तो आकडा पुन्हा सांगितला. निवेदकानं विचारलं, "म्हणजे हा आराखडा खरंच काम करतोय?" तिनं उत्तर दिलं, "हो. अठ्ठावीस टक्के." आवाज जरासुद्धा हलला नाही. बाहेर आल्यावर ती गाडीत बसली आणि बराच वेळ किल्ली फिरवायची विसरली. पहिल्यांदा बोलली तेव्हा तिला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक करून घेतलं नव्हतं. ह्या वेळी तीही पळवाट उरली नव्हती.

ईस्टरला आईला नातू बघायचा होता. नाही म्हणायला कारण सापडेना. एरिवानच्या दारात आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "आशीर्वाद दे, आई," ती म्हणाली, "देव तुझं भलं करो." इतक्यात पाठीमागून आवाज आला.

"रेडिओवर ऐकलं हो तुला."

ओझाना होती, डोक्यावर पाण्याचा डबा. तिनं तो उतरवून ठेवला.

"नाव ऐकलं तेव्हा वाटलं, दुसरी कुणी असेल. मग आवाज ओळखला. छान बोलतेस. मला तर ऐकता ऐकता पटायला लागलं होतं."

"दोना ओझाना, मी त्या दिवशी..."

"कागदांचं काम करते म्हणालीस. बरोबरच की. कागदाचंच काम दिसतंय." ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर मार्लूसीला धरायला काही मिळालं असतं. "आधी सांगितलं असतंस तर काय केलं असतं मी? कोंबडीचा पाय तुला वाढला नसता, एवढंच. पंख वाढला असता."

आईनं विचारलं, "काय झालं ग? कसला पाय?"

मार्लूसीचे कान तापले होते, नजर पायांवरून उठत नव्हती. एरिवाननंच शेवटी म्हटलं, "आई, आत चल, पोरगं उठलंय."

त्या दुपारी मार्लूसी ओझानाच्या मागून डोंगरावर गेली. ओझानानं बोलावलं नव्हतं आणि अडवलंही नाही. वर सगळीकडं बुंधे होते, गुडघ्याएवढे, काही ताजे, काही करडे पडलेले. झऱ्याच्या जागी पांढरी पडलेली चिखलाची खळगी, तीत शेळ्यांची खुरं उमटलेली. ओझाना पुढं पुढं जात राहिली, काही दाखवत नव्हती की समजावत नव्हती. आपल्या शेळ्या हाकत होती. मार्लूसीला आपले सरकारी बूट त्या मातीवर फार जड वाटले. माघारी वळताना ती म्हणाली, "मी हे मोजणार आहे. दोन्हीकडचं."

"मोज," ओझाना म्हणाली. "मोजून झाडं उगवली तर मलाही बोलाव."

तिनं खरंच मोजलं. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या गाडीनं. पलीकडच्या राज्याच्या खात्यात कुणी तिला दारात उभं करेना. तुमच्या घाणीचा हिशेब आम्ही का मांडू, म्हणाले. भट्टीवाले तर तिला बघून कुत्रे सोडायचे. विधवा इराची म्हणाली, "इथंही पट्टी लावायला आलीस का? आता कुठं जाऊ, समुद्रात?" शेवटी एरिवाननंच बहिणीला गाडीत पुढं बसवून भट्टी-भट्टीवर नेलं. "सील नाही लावत ती. नुसतं बघतेय," तो सांगायचा. "पाच वर्षं उशिरा बघतेय, पण बघू दे."

आराखड्याच्या नव्या टप्प्याची सुनावणी विधानसभेच्या सभागृहात झाली. मार्लूसीनं डॉक्टरांना आधी सांगून ठेवलं होतं. त्यांनी तिला अडवलं नाही, फक्त त्या दिवशी आजारपणाची रजा टाकली. ती एकटीच उभी राहिली. नव्या घुमटाच्या भट्ट्यांनी लाकूड खरंच वाचवलं, ती म्हणाली. पण ज्या बंद झाल्या, त्यातल्या बहुतेक विझल्या नाहीत, नदी ओलांडून गेल्या. तिथं लाकूडही ओलं आणि कोवळं जळतंय, त्यामुळं जास्तच लागतंय. कौलं परत आपल्याच छपरांवर येताहेत. दोन्हीकडचं मिळून धरलं, तर घट अठ्ठावीस नाही. सहा टक्के आहे.

सभागृहात खसखस पिकली. मागच्या बाकावरचा एक आमदार उठला. "बाई, गेल्या वर्षी रेडिओवर अठ्ठावीस म्हणणाऱ्या त्या तुमच्या बहीण होत्या का?"

"नाही. मीच होते."

"मग तेव्हा खोटं बोलत होता की आता?"

"तेव्हा," मार्लूसी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी तिची पुरती हजामत केली. बँकेनं पुढचा हप्ता लांबवला, आणि ज्या दोघा-तिघांच्या नव्या भट्ट्या अर्ध्या बांधून झाल्या होत्या, ते तिच्या नावानं बोटं मोडत बसले. त्यांचं चुकत होतं असं तिला म्हणता येईना. तिची बदली रोपवाटिकेत झाली. आई बाजारात जायची बंद झाली. "तुला खरं बोलायचंच होतं," ती म्हणाली, "तर माझ्या अंगावर तो झगा असताना बोलायचं होतंस." आईनं तो झगा पुन्हा घातलेला कुणी पाहिला नाही.

पण गोष्ट तिथं थांबलीही नाही. दीडेक वर्षानं दोन्ही राज्यांची माणसं एकदाची एका टेबलाशी बसली. नव्या आराखड्यात एक ओळ आली. ह्या राज्यात विकलं जाणारं कौल जिथं भाजलं असेल, तिथला धूर ह्या राज्याच्या खात्यात धरायचा. ही ओळ पाळली जाते का? पाळली जाते, जेव्हा कुणी बघतं तेव्हा. दुसरं म्हणजे जमिनीच्या कागदांची अट सैल झाली. पोसो नोव्होच्या पाच-सहा जणांनी मिळून एकच घुमटाची भट्टी बांधली, त्यात एरिवान आहे, इराची आहे. बाकीचे अजून जुन्याच भट्ट्यांवर आहेत. रोपवाटिकेतली आंजिकोची रोपं मार्लूसी स्वतः ओझानाच्या डोंगरावर नेऊन लावते. निम्मी शेळ्या खातात. ओझाना शेळ्यांना आवरते, पण तिला बस म्हणत नाही, पाणी विचारते एवढंच.

डॉक्टर ओतासीलिओ निवृत्त झाले त्या वर्षी ते तिला पेद्रा लीझाच्या बसथांब्यावर भेटले. हातात भेटवस्तूंची पिशवी, चेहरा उतरलेला. दोघं सावलीत शेजारी उभे राहिले. बस यायला वेळ होता.

"एक विचारू?" ते म्हणाले. "आता कुठं लिहायचं नाही, सांगायचं नाही. खरंच सहा होते?"

मार्लूसीनं रस्त्याकडं पाहिलं.

"साडेचार," ती म्हणाली. "ओलं लाकूड मी जरा कमी धरलं. साडेचार ऐकायला फारच थोडं वाटत होतं."

डॉक्टर आधी दचकले, मग हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. मार्लूसीला हसता आलं नाही. तिचा चेहरा भट्टीसमोर उभं राहिल्यासारखा तापला होता. बस आली. डॉक्टरांनी तिला आधी चढा म्हणून हात केला. ती म्हणाली, "तुम्ही जा, मी मागच्या बसनं येते," आणि थांब्यावरच उभी राहिली.

त्या महिन्यात तिनं खात्याला दुरुस्तीचं पत्र धाडलं. साडेचार. त्याची कुणी दखल घेतली नाही.